खजुराच्या सावलीतलं लिंबू

नमस्कार, श्रोतेहो.

नेरुळला आमच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंचा मुलगा दोहाला असतो. परवा जिन्यातच त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "अगं, त्याला तिथं अंगणाचं घर मिळालंय. लिंबू, मोगरा लावायचा म्हणतो. जगेल का गं काही त्या वाळूत?"

जगतं, काकू. माझी अकरा वर्षं मस्कतला गेली, म्हणून खात्रीनं सांगते. पण आपल्याकडच्या सवयीनं लावलं तर जगत नाही, हे मी लिंबाची तीन रोपं गमावून शिकले.

ठाण्या-नवी मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मस्कतला वर्षाकाठी 100 च्या आसपास. आपल्या हाताला वळण एकच: ऊन वाढलं की पाणी वाढवायचं. मीही रोज सकाळ-संध्याकाळ झारीनं थोडं थोडं पाणी घालत राहिले. महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या आणि मातीवर पांढरी पापडी धरली. रोप उन्हानं गेलं असं मला वाटलं. ते क्षारानं गेलं होतं. वरवर घातलेलं पाणी वाफ होऊन उडून जातं, त्यातले क्षार मात्र मागे राहतात आणि साठत जातात. मुळंही त्या वितभर ओल्या थरातच घुटमळतात, खाली गारव्याला जातच नाहीत. तिथले जाणते बागवान म्हणूनच मोठ्या झाडाला रोज पाणी देत नाहीत. देतात तेव्हा आळं भरून, हातभर खोल ओल जाईल इतकं देतात. त्यानं क्षारही मुळांच्या खाली धुऊन जातात. आळं बुंध्याला चिकटून नसतं, फांद्यांच्या घेराइतकं रुंद असतं.

पण खरा धडा मला निझवाला मिळाला. मस्कतपासून दीडशेएक किलोमीटरवरचं हे जुनं गाव. तिथं 'फलज' आहेत. डोंगराच्या पायथ्याचं पाणी, पंप न लावता, निव्वळ उतारावर गावात आणणारे पाट. ओमानमधल्या अशा पाच फलजांची 2006 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली, त्यात निझवाचा फलज दारिसही आहे. पाण्याची वाटणी वेळेच्या हिशेबानं. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाळ्या मोजत.

त्या पाटाच्या काठानं खजुराच्या बनात शिरले आणि थबकलेच. बाहेर डोळे उघडवत नव्हते, आत ऊन चाळणीतून गाळल्यासारखं. वर खजूर, त्याखाली लिंबू, केळी, डाळिंब आणि अगदी जमिनीलगत गुरांसाठी लसूणघास. खजूर झळा आणि वारा अंगावर घेतो, त्याच्या आडोशाला ओल टिकते आणि त्या ओलीत लिंबू फळतं. मी मात्र माझी लिंबं भर उन्हात, सिमेंटच्या भिंतीला टेकून लावली होती. वाळवंटात आधी सावली उभी करतात, झाड त्यानंतर. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

तिथलं पंचांगही आपल्या उलट. आपण मृगाची वाट पाहतो, तिथं पेरणी-लावणी दसऱ्याच्या सुमारास, उन्हाळा ओसरल्यावर सुरू होते. टोमॅटो हिवाळ्यातच घ्यायचा, कारण पारा 35 च्या वर राहू लागला की त्याचे परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात.

आता आपल्या गॅलरीकडे या. खारघर-घणसोलीत बाराव्या मजल्यावर, पश्चिमेकडं तोंड असलेल्या गॅलरीत मे महिन्यातली दुपार कुंडीतल्या झाडाला वाळवंटाहून फार वेगळी नसते. जमिनीतल्या झाडाची मुळं खाली पळू शकतात, कुंडीतली कुठं जातील? काळ्या प्लास्टिकच्या कुंडीच्या कडेला असलेली कोवळी मुळं अक्षरशः शिजतात. पानं मलूल दिसली की आपण आणखी पाणी घालतो, आणि मग मुळं कुजतात. तेव्हा झाडाआधी कुंडीला सावली द्या. लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरा, ती ओली ठेवा. किंवा बाहेरून गोणपाट गुंडाळा. मातीवर वाळलेल्या पानांचा चार बोटं थर द्या, नारळाचा काथ्याही चालेल.

मोठा ड्रम असेल तर त्यात रंग न दिलेलं लहान मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि भरून ठेवा. माती कोरडी पडेल तसं ते पाझरतं, ओली असली की पाझर मंदावतो. त्यावर झाकणी हवीच, नाहीतर डास होतील. पाऊस सुरू झाला की मडकं काढून ठेवा.

काकूंच्या मुलाला मी निरोप दिला: आता एप्रिलमध्ये काही लावू नकोस. खड्डा घे, शेणखत मिसळून ठेव. दसऱ्याच्या सुमाराला लिंबू लाव आणि त्याच दिवशी त्याच्या पश्चिमेला शेवग्याचं बी टोच. शेवगा भराभर वाढतो, मेपर्यंत डोक्यावर जाईल, आणि त्याची सावलीही खजुरासारखीच, गाळीव. काल त्याचा उलट निरोप आला, "शेवगा किती फुटांवर लावू?" दहा फुटांवर, असं कळवलंय.