कोण म्हणे?

मघाशी माझी ओळख करून देताना निवेदकांच्या तोंडून निघालं, 'यांनी म्हणे तीस वर्षं बातम्या तपासल्या', आणि तुम्ही हसलात. बिचाऱ्यांच्या मनात तसं काही नव्हतं. पण त्या एका 'म्हणे'नं माझ्या तीस वर्षांवर संशयाचं बोट ठेवलं, आणि माझा विषयही तोच आहे.

'ती म्हणे सासरी गेलीच नाही.' 'ते म्हणे जमीन विकणार.' बाई असो, बुवा असो, एक असो की दहा, 'म्हणे' बदलत नाही. बदलेल कसं? म्हणणारा त्या वाक्यातून केव्हाच निघून गेलेला असतो. आता 'तुका म्हणे' आठवा. नामा म्हणे, चोखा म्हणे. शब्द तोच, पण इथे म्हणणारा स्वतःचं नाव घालून समोर उभा आहे. नाव असलं की साक्ष, नाव गळलं की आवई!

बातमीत 'म्हणे' लिहिता येत नाही, कुत्सित वाटतं. म्हणून तिथे 'कथित' बसला. संस्कृत 'कथ्', म्हणजे सांगणं. कथित म्हणजे सांगितलेलं. खरं की खोटं, याबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही. 'तथाकथित'चं मात्र तसं नाही. 'कथित घोटाळा' लिहिणारा निकालाची वाट बघत असतो. 'तथाकथित घोटाळा' लिहिणाऱ्यानं घोटाळा झालाच नाही असं ठरवून टाकलेलं असतं. पुष्कळ जण दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतात, आणि नकळत बाजू घेऊन मोकळे होतात.

एकदा माझ्या टेबलावर मथळा आला: 'कथित मारहाणीत तरुणाचा मृत्यू, कथित आरोपी ताब्यात'. मृत्यू तर खरा होता. मग मारहाणच झाली की नाही हे ठाऊक नसेल, तर 'मारहाणीत' मृत्यू कसा झाला? आणि कथित आरोपी म्हणजे कोण? आरोप आहे म्हणून तर तो आरोपी. गुन्हेगार तो अजून नाही, एवढंच सांभाळायचं असतं. 'संशयित आरोपी' हीसुद्धा त्यातलीच गत, पण ते आता इतकं रुळलंय की मी नाद सोडला.

'कथित' हा शब्द घातला की कायद्यातून सुटलो, असा एक समज आहे. भारतीय दंड संहितेचं कलम ४९९ घ्या किंवा आता भारतीय न्याय संहितेचं ३५६; बदनामी करणाऱ्याइतकाच ती प्रसिद्ध करणाराही त्यात येतो. दुसऱ्याचं म्हणणं छापलं तरी छापलं आपणच.

ती बातमी मी पुन्हा लिहिली. 'तरुणाचा मृत्यू मारहाणीमुळे झाल्याची फिर्याद त्याच्या भावाने दिली आहे. पोलिसांनी एकाला ताब्यात घेतले आहे. शवविच्छेदनाचा अहवाल यायचा आहे.' म्हणणारा वाक्यात परत आला, 'कथित' आपोआप गळला. पान लावणारा वैतागला. "साहेब, दोन ओळी वाढल्या, कुठनं काढू?"

खाली कोपऱ्यात रोजची सुविचाराची चौकट होती. कुणाचा सुविचार, ते तिथे कधीच लिहिलेलं नसे. म्हटलं, तीच काढ.