चालू कशी करायची?

(मंडळाच्या मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरतं घेतलं आहे.)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीनं मला ‘आमच्या गाड्या’ या विषयावर पंधरा मिनिटं बोला म्हणून सांगितलं, तेव्हा मी आधी घरी बसून यादी केली. लग्नाआधीच्या धरून आठ निघाल्या. तीन दुचाक्या, पाच चारचाक्या. नंबर एकीचाही धड आठवेना. रंगावरून आम्हा दोघांत भांडण झालं. एकीला हे निळी म्हणतात, मी राखाडी म्हणते, आणि फोटो आहे तो कृष्णधवल. पण यादी करताना एक गंमत लक्षात आली. त्यातली प्रत्येक गाडी सकाळी चालू कशी करायची, ते हातापायांना अजून पाठ आहे. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. तेव्हा आज मायलेज नाही, वेग नाही, कुठे कुठे फिरलो तेही नाही. चालू कशी करायची, तेवढंच.

पहिली लूना. १९७२ साली बाजारात आलेली, ५० सीसीची. मोपेड हा शब्दच मुळी मोटर आणि पेडल यांच्यातून झाला आहे, आणि लूना त्या शब्दाला जागणारी होती. स्टँडवर चढवायची, सीटवर बसून पेडल मारायला लागायचं, मागचं चाक अधांतरी गरगरायला लागलं की अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा. इंजिन लागलं की पायाखालचं पेडल एकदम हलकं व्हायचं. तो क्षण मला फार आवडायचा. आणि नाहीच लागलं तर? तशीच पेडल मारत घरी. पुढच्या एकाही गाडीनं ही सोय ठेवली नाही.

दुसरी बाबांची स्कूटर. गिअरची, टू-स्ट्रोक. नंतर ती माझ्याकडे आली, पण अट होती की आधी चालू करून दाखवायची. आता इथे वयानं मोठी जेवढी मंडळी आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको. स्कूटर आधी आडवी करायची! दोन्ही हातांनी हँडल धरून तिला आपल्या अंगावर कलती घ्यायची, मनात पाच आकडे मोजायचे, सरळ उभी करायची आणि मग किक. धावणारी स्कूटर जागच्या जागी अशी निजवून उठवली की ती चालू का व्हायची, हे मला कैक वर्षं कळलं नव्हतं. कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात तिथे, एक छोटी वाटी असते, तिच्यात फ्लोट तरंगतो, आणि वाटी भरली की तो पेट्रोलची वाट बंद करतो. गाडी कलली की त्या फ्लोटचं गणित बिघडतं, थोडं जास्तीचं पेट्रोल आत उतरतं, आणि थंड इंजिनाला नेमकं तेच हवं असतं. टाकी तळाला गेली असेल तर उरलंसुरलं पेट्रोल नळीच्या बाजूला गोळा होतं, तो वेगळा फायदा. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. ते म्हणायचे, “तिला जरा जागं करावं लागतं.”

स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला. १९४६ मध्ये व्हेस्पा आली तेव्हापासूनची ही मांडणी. ती आखणारे कोराडिनो दास्कानियो मुळात विमानांचे इंजिनिअर, आणि मोटरसायकल त्यांना मुळीच आवडायची नाही. कपडे तेलानं खराब होतात आणि चाक बदलणं जिकिरीचं, ही त्यांची तक्रार. म्हणून इंजिन झाकलं गेलं आणि चाकं एकाच बाजूनं बसवली. त्यामुळे बाबांच्या स्कूटरची स्टेपनी बदलायला मला दहा मिनिटं पुरायची. आता हा स्टेपनी शब्द. परवा माझ्या नातीला म्हटलं, डिकीत स्टेपनी आहे का बघ, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला तो मराठी शब्द वाटला! वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे, तिथे स्टेपनी नावाचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर १९०४ साली दोघा भावांनी जादा चाक विकायला सुरुवात केली. तिकडे शब्द विसरले. आपण जपून ठेवलाय.

स्कूटरची आठवण येते म्हणून ती चांगली होती असं मात्र नाही. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येत असताना जळका धूर बाहेर जायचं दारही उघडंच असतं, त्यामुळे काही पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, वर ऑईलही त्यातच मिसळलेलं. मागे बसणाऱ्याच्या कपड्यांना येणारा तो वास मला अजून आठवतो. तो गेला ते बरं झालं.

तिसरी मोटरसायकल, फोर-स्ट्रोक, १०० सीसी. ही ह्यांची, लग्नात माझ्याबरोबर नांदायला आली असं म्हणा. किक अर्धी मारली तरी चालू. सगळी गंमत पुढे, रस्त्यात. चालता चालता गाडी आचके द्यायला लागते. घाबरायचं नाही. डावा हात हँडलवरून काढायचा, गुडघ्याजवळ टाकीखाली न बघता चाचपायचं, पेट्रोलचा कॉक सापडला की रिझर्व्हला फिरवायचा. दोन आचके अजून, मग गाडी पुन्हा ताळ्यावर. पुष्कळांना वाटतं रिझर्व्हची टाकी वेगळी असते. तसं नाही. टाकी एकच, आत नळ्या दोन, एक उंच, एक बुटकी. उंच नळीच्या तोंडाखाली पेट्रोल गेलं की बुटकीनं प्यायचं. एवढ्या साध्या युक्तीवर कितीतरी वर्षं जग चाललं. पेट्रोल भरल्यावर कॉक परत फिरवायला विसरलात तर मात्र पुढच्या वेळी आचके नाहीत, इशारा नाही, थेट ढकलत चालणं. आमच्या घरी हे तीनदा झालं. कुणाकडून, ते सांगत नाही. हे समोरच बसलेत.

मग पहिली चारचाकी. जुनी घेतलेली, कार्बोरेटरवाली, आणि स्टिअरिंगशेजारी चोकची खुंटी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात निम्मा दोष आमचा होता. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही. एरवी एक भाग पेट्रोलला वजनानं १४.७ भाग हवा लागते. थंड इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यावं लागतं, तेव्हा चोक ओढायचा, म्हणजे हवेच्या वाटेवर झडप पडते. किती ओढायचा, ते गाडीच्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं. आमच्या गाडीला दोन बोटं. ह्यांचं मत तीन बोटं. तीन बोटं ओढली की दहा सेकंदांत पेट्रोलचा वास, प्लग ओले, आणि स्टार्टर नुसताच कण्हतोय. मग चोक आत ढकलायचा, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवायचा, पंप करायचा नाही, आणि किल्ली फिरवायची, म्हणजे नुसती हवा आत जाऊन प्लग वाळतात. तोवर बॅटरीनं मान टाकलेली असायची.

आणि मग धक्का स्टार्ट. मी आत, हे मागे. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडीनं थोडा वेग घेतला की मी क्लच झटकन सोडायचा. नेहमी इंजिन चाकांना फिरवतं, इथे चाकं इंजिनाला फिरवतात. गाडी एक गचका खाते, खोकते, आणि लागते. लागली की थांबायचं नाही, कारण थांबलं की बंद पडेल. त्यामुळे मी तशीच पुढे जायची आणि हे मागून पळत यायचे. त्या हिवाळ्यात ह्यांची तब्येत फार छान झाली होती.

तेव्हा चिडचिड व्हायची, पण खरं तर आपण खूपच सुखी. बर्था बेंझ १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याचीच गाडी घेऊन माहेरी निघाली, मानहाइमहून फोर्टसहाइमला. त्या गाडीचं इंजिन मागचं भलंमोठं आडवं चाक हातानं फिरवून चालू करायचं होतं. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिननं साफ केली. नंतरच्या काळात इंजिन फिरवायचं हँडल आलं. त्याला अंगठा गुंडाळून धरायचा नाही असा दंडक होता, कारण इंजिन उलटं फिरलं की हातच मोडायचा. १९१२ मध्ये कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर बसला. तो करणाऱ्या चार्ल्स केटरिंगनं त्याआधी दुकानातल्या गल्ल्याचा खण उघडणारी विजेची मोटर केली होती. गल्ल्याला काय किंवा इंजिनाला काय, जोर क्षणभरच लागतो, तेवढ्यासाठी छोटी मोटर पुरते, हे त्यानं ओळखलं. लक्षावधी मनगटं वाचली असतील.

पाचवी डिझेल. तिथे चोक नाही, प्लगची ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की तीच तापून डिझेल पेटवते. पण थंड सिलिंडरला आधी थोडी ऊब द्यावी लागते. किल्ली अर्धी फिरवली की डॅशबोर्डवर नारिंगी रंगाचं स्प्रिंगसारखं चिन्ह लागायचं. ते विझेपर्यंत कळ काढायची. पाच सेकंद, फार थंडी असली तर दहा. आमच्या घरात हे चिन्ह फक्त मलाच दिसायचं. हे किल्ली थेट शेवटपर्यंत फिरवायचे, आणि ती गाडी रागावून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी खडखडायची.

सहावी ऑटोमॅटिक, इंजेक्शनवाली. मुलं लहान होती म्हणून घेतली, अकरा वर्षं वापरली. किल्ली फिरवली की चालू, कुठल्याही ऋतूत. तिच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काहीही नाही. इतकी निर्दोष गाडी, आणि विकली त्या दिवशी घरात कुणी खिडकीतून बघितलंसुद्धा नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

सातवी हायब्रिड, पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी. किल्ली गेली, बटण आलं. पहिल्या दिवशी ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं. काही नाही. शांत. परत दाबलं. दिवे गेले. परत दाबलं, दिवे आले, पुन्हा शांत. चौथ्यांदा बोट नेलं तेव्हा मागून मुलगा म्हणाला, “आई, ती चालूच आहे. तू सारखी बंद करतेयस.” डॅशबोर्डवर ‘रेडी’ असं चांगलं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं. पण मी आयुष्यभर कानांनी गाडी चालू केलेली. अक्षरं वाचायची सवयच नव्हती.

आणि आता आठवी, विजेची. हिला चालू करायचंच नसतं. आपण बसलो, ब्रेकवर पाय ठेवला, की ती तयार. मला वाटलं, माझी यादी इथे संपली.

मागच्या थंडीत दोन आठवडे गाडी उभी होती. परत आलो तर दार उघडेना. मोठी बॅटरी साठ टक्के भरलेली, पण गाडी मेलेली. तेव्हा कळलं, एवढ्या अवाढव्य बॅटरीशिवाय हिच्या पोटात आणखी एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, अगदी आमच्या चोकवाल्या गाडीत होती तशीच. कुलपं, कॉम्प्युटर, एवढंच काय, मोठ्या बॅटरीची जोडणी करणारे स्विचही ती छोटी चालवते. ती बसली की सगळं बसलं. शेजाऱ्यांनी त्यांची गाडी पुढ्यात आणून लावली. मी गॅरेजमधून जुन्या जंपर केबल काढल्या, चौथ्या गाडीच्या. आधी लाल आपल्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला, मग काळी त्यांच्या मायनसला, आणि शेवटचं टोक आपल्या बॅटरीला नाही, लांब कुठेतरी उघड्या धातूला, कारण बॅटरीपाशी हायड्रोजन असू शकतो आणि ठिणगी उडते. हे सगळं मी तोंडानं पुटपुटत करत होते. हात थांबले नाहीत, याचा मला थोडा अभिमान वाटला.

केबल लावून वर बघते तर हे दिसेनात. मागे जाऊन पाहिलं. कोटाच्या बाह्या सारून, डिकीवर दोन्ही तळवे टेकवून, एक पाय मागे रोवून उभे.

“तू बस आत,” म्हणाले, “दुसऱ्यात टाक.”

म्हटलं, “अहो, हिला दुसरा नाही.”