निळ्या खड्यातला सोमल

श्रोतेहो, नमस्कार.

‘केल्या कष्टांवर हरताळ फासला’ असं आपण सहज बोलून जातो, पण खरा हरताळ पाहिलेली माणसं आता विरळाच. पोथी लिहिताना एखादं अक्षर चुकलं की त्यावर या पिवळ्या खनिजाचा लेप द्यायचे आणि तो वाळला की वर नवं अक्षर लिहायचे. संपातला हरताळ निराळा बरं का. तो हट्ट म्हणजे बाजार आणि ताळा म्हणजे कुलूप, यांतून आला. पोथीतला पिवळा हरताळ, तांबडी मनशीळ आणि जुन्या लोकांच्या तोंडी असलेला पांढरा सोमल, ही सगळी एकाच घराण्यातली. घराणं आर्सेनिकचं. आज त्याच घराण्यातल्या एका निळ्या नातलगाविषयी बोलणार आहे. नाव जरा परकं वाटेल: लिरोकोनाइट.

याचा एक नमुना एकदा अगदी जवळून पाहायला मिळाला होता. सुपारीएवढा गारेचा तुकडा, त्यावर गंजासारखी तपकिरी माती, आणि त्या मातीत रुतून बसलेले तांदळाच्या दाण्याहून लहान चार-पाच खडे. नुसत्या डोळ्यांना ते निळे ठिपके वाटले. भिंग धरलं तेव्हा कडा दिसल्या, चपट्या आणि भिंगासारख्या बाहेर फुगीर. रेडिओवर रंग दाखवता येत नाही, पण द्राक्षबागायतदारांना सांगणं सोपं आहे. बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद भिजत घालता ना, त्या पाण्यात आणखी दोन बादल्या पाणी ओता आणि हिरव्याची किंचित झाक द्या. तोच रंग. कारणही तेच आहे. मोरचुदात तांबं, यातही तांबं.

हा खडा इंग्लंडच्या नैऋत्य टोकाचा, कॉर्नवॉलचा. तिथे खाणीच्या नावाआधी ‘व्हील’ असं लावतात. ऐकताना चाक आठवतं, पण तो जुन्या कॉर्निश भाषेतला शब्द आहे आणि त्याचा अर्थ खाणकाम. सेंट डे गावाजवळची व्हील गोरलँड ही तांब्याची खाण लिरोकोनाइटचं माहेर. अठराव्या शतकाच्या अखेरीला आणि त्यानंतर काही वर्षं तिथून जे खडे निघाले, तसे पुन्हा कुठे निघाले नाहीत. इतर काही ठिकाणच्या नोंदी आहेत, पण जगभरच्या संग्रहालयांत मिरवतात ते बहुतेक याच परिसरातले.

तिथे खाली धातुक पडलेलं असतं ते गंधकाशी बांधलेलं: कुठे तांबं आणि गंधक, तर कुठे लोखंड, आर्सेनिक आणि गंधक. या शेवटच्याला कॉर्नवॉलचे खाणकामगार मिसपिकेल म्हणत. शिरेचा वरचा भाग पाऊस आणि हवेला लागला की गंधकाची पकड सुटते, तांबं पाण्यात उतरतं, आर्सेनिकला ऑक्सिजन मिळतो. एका आर्सेनिकभोवती चार ऑक्सिजन अशी चौकडी जमली की तिला आर्सेनेट म्हणायचं. आता या चौकडीला तांबं भेटलं तर ऑलिव्हेनाइटसारखी हिरवी खनिजं होतात, लोखंड भेटलं तर फार्माकोसिडेराइटसारखी. लिरोकोनाइटला तांबं तर हवंच, शिवाय आजूबाजूच्या खडकातून झिजून आलेलं ॲल्युमिनियमही हवं. ही सगळी मंडळी एकाच फटीत, एकाच वेळी, हव्या त्या मापात यायची. मग ते दुर्मिळ असल्याचं नवल कसलं?

त्याचं सूत्र तोंडी सांगतो, कागदावर लिहून घ्या हवं तर. तांब्याचे दोन अणू, ॲल्युमिनियमचा एक, आर्सेनेटची एक चौकडी, ऑक्सिजन-हायड्रोजनच्या, म्हणजे हायड्रॉक्सिलच्या, चार जोड्या आणि पाण्याचे चार रेणू. हिशोब केला तर वजनाच्या २९ टक्क्यांच्या आसपास तांबं भरतं, आर्सेनिक १७ टक्के. आणि तापवून सगळं पाणी, हायड्रॉक्सिलमधून निघणारंही, काढायचं म्हटलं तर जवळजवळ पाव वजन उडून जाईल. दगडात पाव हिस्सा पाणी, ही गोष्ट मला आर्सेनिकपेक्षाही चमत्कारिक वाटते.

दगडाच्या मानाने तो मऊही आहे. कठिनता २ ते २.५, म्हणजे नखाचीच बरोबरी. विशिष्ट गुरुत्व ३ च्या जवळ. चमक काचेसारखी. खरखरीत पांढऱ्या फरशीवर घासला की उमटणारा कस फिकट निळा. नावही तिथूनच आलं. ऑस्ट्रियाच्या विल्हेल्म हाइडिंगर यांनी १८२५ मध्ये ग्रीक भाषेतले फिकट आणि भुकटी या अर्थांचे दोन शब्द जोडले.

पण खडा त्याआधीच कागदावर आला होता. फ्रेंच राज्यक्रांतीत देश सोडून लंडनला आलेले काउंट द बूर्नों यांनी १८०१ मध्ये कॉर्नवॉलच्या तांबे आणि लोखंडाच्या आर्सेनेटांचं वर्णन छापलं, आणि त्याच वर्षी रिचर्ड चेनेविक्स या आयरिश रसायनज्ञाने त्यांचं पृथक्करण केलं. बूर्नोंचा भर स्फटिकाच्या आकारावर. हा खडा त्यांना दबलेल्या अष्टफलकासारखा दिसला, आणि चूक त्यांची नव्हती. दिसतो तो तसाच. फसवणूक आहे एका कोनात. अक्षांमधले तिन्ही कोन काटकोन असते तर प्रश्न नव्हता. इथे दोन काटकोन आहेत आणि तिसरा भरतो ९१ अंशांहून थोडा जास्त. सुताराने अशी चौकट करून आणली तर आपण मुकाट्याने पैसे देऊ. स्फटिकशास्त्र मात्र या एक-दीड अंशासाठी खड्याला एकनताक्ष, म्हणजे एक अक्ष कललेल्या, गटात बसवतं.

आणि खनिजांच्या कपाटात त्याचा खण कोणता? आजच्या वर्गीकरणात रंग विचारत नाहीत, धातूही आधी विचारत नाहीत. धातू ज्याच्याशी बांधला गेला तो भिडू कोण, हे पाहतात. म्हणून पुण्याजवळच्या वाघोलीचं जगप्रसिद्ध कॅव्हन्साइट निळंच असलं, सूत्रात पाण्याचे चार रेणूच असले, तरी ते सिलिकेटांत जातं. त्याचा निळेपणा व्हॅनेडियमचा. लिरोकोनाइट जातं आठव्या वर्गात, जिथे फॉस्फेट, आर्सेनेट आणि व्हॅनेडेट एकत्र नांदतात. आर्सेनिक आणि फॉस्फरस मूलद्रव्यांच्या कोष्टकात एकाखाली एक बसतात, चौकड्याही सारख्याच बांधतात. त्यामुळे लिरोकोनाइटमध्ये आर्सेनिकच्या काही जागा फॉस्फरसने बळकावलेल्या सापडतात. शेजारी आहेत, चालायचंच.

जाता जाता बूर्नों आणि चेनेविक्स या दोघांची हकीकत. चेनेविक्स यांना १८०३ मध्ये रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं, आणि त्याच वर्षी त्यांनी नव्याने विकायला आलेलं पॅलेडियम हे मूलद्रव्य नसून प्लॅटिनम आणि पाऱ्याचं मिश्रण आहे, असं ठासून सांगितलं. ते साफ चुकलं. पण आर्सेनेटांनी त्यांना अंतर दिलं नाही. व्हील गोरलँडच्याच एका मळकट हिरव्या तांबे-लोखंडाच्या आर्सेनेटाला पुढे चेनेविक्साइट हे नाव मिळालं.

बूर्नों यांच्या नावाचंही खनिज आहे, तेही कॉर्नवॉलचंच. बूर्नोनाइट. शिसं, तांबं, अँटिमनी आणि गंधक. आर्सेनेटांवर एवढं लिहिलेल्या माणसाचं नाव त्यामुळे आर्सेनेटांच्या खणात सापडत नाही. ते सापडतं गंधकवाल्यांच्या वर्गात, आपल्या हरताळ आणि मनशिळेच्या शेजारी.

नमस्कार.