आडनाव बदललेला किडा

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा सरत आला की संध्याकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर झुडपांतून चिरचिर सुरू होते. आपण म्हणतो, रातकिडे. पण त्यांत त्यांचा एक हिरवा चुलतभाऊही असतो. पानासारखे पंख, अंगापेक्षा लांब मिशा. बाल्कनीतल्या दिव्यावर आला की घरात ओरडा होतो, 'नाकतोडा!' तो नाकतोडा नव्हे. नाकतोड्याच्या मिशा आखूड, कान पोटाशी. याचे कान चक्क पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली. याच्या कुळाचं नाव टेटिगोनिडी.

या कुळात कुणी नवी प्रजाती मांडली, म्हणजे नेमकं काय केलं? आपली वर्तमानपत्रं जाती आणि प्रजाती यांत सर्रास घोळ घालतात. शास्त्रीय नाव शाळेच्या हजेरीपटासारखं असतं, आडनाव आधी. प्रजाती म्हणजे ते आडनाव, जाती म्हणजे पुढचं नाव. नवं नाव वाढणं वेगळं आणि नवं आडनाव काढणं वेगळं. त्याला पुरावा लागतो.

रंगावर भागत नाही, वाळलेल्या किड्याचा हिरवा रंग पिवळट पडतो. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे. अशा ठिकाणी टाचणीवरचा नर सूक्ष्मदर्शकाखाली घेतात आणि त्याचा डावा पंख उलटून बघतात. खालच्या अंगाला एका शिरेवर कानशीसारखे दात असतात. ते उजव्या पंखाच्या कडेवर घासले की आवाज निघतो. दात किती, दाट कुठे, विरळ कुठे, हे मोजत बसायचं. मग पोटाच्या टोकाचे हुकासारखे दोन अवयव, मादीला धरण्याचे. त्यांचा बाक, त्यांचं टोक. मान अवघडते, पण खरी ओळख तिथेच पटते.

एवढं करूनही, किती फरक पडला म्हणजे आडनाव वेगळं, याचं माप प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत नाही. ती एवढंच म्हणते की वर्णन प्रसिद्ध करा आणि एक जाती त्या प्रजातीचा नमुना म्हणून नेमा. बाकी अभ्यासकाची नजर. म्हणून वादही होतात, आणि मला त्यात गैर काही वाटत नाही.

कधी जुनीच जाती नव्या आडनावाखाली जाते. मग सासरी गेल्यासारखं होतं. नवं आडनाव लिंगाने वेगळं असेल तर तिच्या विशेषणवाचक नावाचं शेपूटही बदलतं. मात्र जिने किंवा ज्याने तिला पहिल्यांदा नाव दिलं, त्या अभ्यासकाचं नाव पुसत नाहीत, कंसात ठेवतात. कुठे कंस दिसला, तर समजा, हिचं माहेर दुसरं आहे.

नमस्कार.