पिल्लू कुंथतंय

(दृश्य: मांडीवर जुना टॉवेल, त्यावर मांजराचं पिल्लू. हातात कापसाचा ओला बोळा.)

कापूस कोमट पाण्यात बुडवायचा, पिळायचा आणि शेपटीखाली हलक्या हातानं फिरवायचा. चोळायचं नाही. बघा, बोळा पिवळा झाला. शू झाली. शी व्हायला जरा जास्त वेळ लागतो, आणि पिल्लं सांभाळणाऱ्या काकूंना घाई नाही.

जन्मल्यापासून साधारण तीन आठवडे मांजराच्या पिल्लाला आपलं आपण शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हाच होते, आणि साफही तीच करते. म्हणून तर आईजवळ असलेल्या पिल्लांखालचं फडकं कोरडं असतं. आई नसली की प्रत्येक दुधाच्या वेळी हे काम माणसाकडे येतं. रात्रीसुद्धा.

(दृश्य: पार्किंग. फुटक्या कुंडीमागची जागा.)

ठाण्यातल्या या सोसायटीत पिल्लं इथे सापडली. रडण्याचा आवाज आला, कुणीतरी म्हणालं, "आई टाकून गेली वाटतं", आणि पिल्लं खोक्यात भरली गेली. आई टाकून गेलेली नसतेच बहुतेक वेळा. ती खायला गेलेली असते, नाहीतर एकेक पिल्लू तोंडात धरून नव्या जागी हलवत असते. भोवती माणसांचं कोंडाळं असेपर्यंत ती फिरकत नाही. पिल्लं उबदार आणि सुरक्षित असतील तर लांब उभं राहून काही तास वाट पाहायची, एवढंच करायचं होतं. मग यापुढचं बरंचसं चित्रण करायची वेळच आली नसती.

(दृश्य: ट्रे. पट्टेरी पिल्लू आत शिरतं.)

हे त्यांच्यातलं पट्टेरी पिल्लू. आता पाच आठवड्यांच्या आसपास आहे. बोळ्याची गरज संपली, ट्रे कळायला लागला. उकरतंय. पाठीची कमान करून बसलंय. उठलं, पुन्हा उकरलं, पुन्हा बसलं. आवाज ऐका.

आता ट्रेत पाहा. दोन खडे, शेळीच्या लेंड्यांसारखे कोरडे. या वयात शी दिवसातून एकदा-दोनदा, मऊ पण आकार धरलेली हवी. काकू आणखी एक गोष्ट पाहतात: वाळू ओली आहे का? कारण शू अडकली तरी मांजर असंच बसतं, असंच ओरडतं. बोक्यांमध्ये तर हा धोका जास्त. कुंथतंय आणि वाळू कोरडीच, तर सकाळ व्हायची वाट पाहायची नाही.

(दृश्य: दुधाची पावडर, डब्यातला चमचा.)

खडा होतो कसा? मोठ्या आतड्याचं एक काम म्हणजे शीमधलं पाणी शोषून घेणं. शी जितका वेळ आत राहील तितकी सुकते, आणि सुकली की पुढे सरकत नाही, म्हणून आणखी सुकते. त्यात मांजराची जात मूळची कोरड्या मुलखातली. तहान कमी, पाणी भक्ष्यातूनच मिळवायची सवय. कोरड्या दाणेदार खाण्यात पाणी जेमतेम दहा टक्के असतं, ओल्या खाण्यात पाऊणशे टक्क्यांच्या पुढे. दूध सुटून पिल्लू थेट दाण्यांवर आलं की पोट अडतं ते यामुळे.

आणि हा चमचा. पिल्लू लवकर बाळसं धरेल म्हणून पावडर डब्यावरच्या मापापेक्षा घट्ट कालवली जाते. प्रेमापोटीच, पण पाणी कमी पडतं ते पिल्लाला. गाईचं दूधही नको. त्यातली साखर पिल्लांना नीट पचत नाही, अनेकांना जुलाब होतात आणि अंगातलं पाणी जातं.

(दृश्य: दवाखान्याचं टेबल. डॉक्टरांची बोटं पोटावर.)

डॉक्टर पोट दोन बोटांत धरून चाचपतात. आतले खडे हाताला लागतात. मग हिरड्या: बोट चिकटलं तर अंगात पाणी कमी आहे. मग शेपटी वर. शीची जागा उघडी आहे ना, जंत दिसतायत का. लांब केसांच्या पर्शियन पिल्लांत कधी कधी पोटाची तक्रार नसते, शेपटीखालच्या केसांचा गुंताच वाट अडवून बसलेला असतो. दोरा किंवा मांजा बाहेर लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. दुसरं टोक आत आतड्यात गुंतलेलं असू शकतं.

या पिल्लाला कातडीखाली सलाईन दिलं, आणि आतड्यात पाणी धरून ठेवणारं पातळ औषध, वजनावर मोजून. जंताचं औषधही.

(दृश्य: स्वयंपाकघर. वाफवलेला लाल भोपळा.)

घरी काय करायचं, ते काकूंच्या ओट्यावर दिसतंय. ओलं खाणं, त्यात वर कोमट पाणी. पाण्याची वाटी ट्रेपासून लांब. वाफवून कुस्करलेला लाल भोपळा, अर्धा चमचा, मीठ-फोडणी काही नाही. खाणं झाल्यावर पोटावर बोटांनी गोल गोल, अगदी हलकं. आणि पळापळ; पोट हलायला खेळाइतकं सोपं काही नाही. हे पिल्लू पडद्याच्या दोरीमागे धावतंय, तो उपचारच चाललाय.

एरंडेल नाही. तेल पाजायचं नाही, ते श्वासनळीत गेलं तर फुप्फुसाला इजा होते. तान्ह्या बाळाला लावतात ती साबणाची कांडी नाही. मेडिकलमधला माणसांचा फॉस्फेटचा एनिमा तर मांजराचा जीव घेऊ शकतो. दोन दिवस शी नाही, उलटी, पोट टम्म, खाणं बंद, यातलं काहीही दिसलं तर दवाखाना. दुखणं मुरलं तर आतडं ताणून कायमचं सैल पडू शकतं.

(दृश्य: ट्रे, दुसरी सकाळ.)

झाली. काकू ती कागदावर घेऊन कॅमेऱ्याला दाखवतात, आम्ही मागितलं नव्हतं.

(दृश्य: जिना. पिल्लांची आई, करडी भाटी.)

आई अजून याच जिन्यात असते. इतक्या दिवसांनी पिल्लं तिच्याजवळ परत ठेवून पाहायचं डॉक्टरांनी सुचवलं नाही. पिल्लं आठ आठवड्यांची झाली की त्यांना घरं शोधायची. आईची नसबंदी मात्र पुढच्या विणीच्या आत व्हायला हवी. सापळ्याचा पिंजरा आणायचा आहे. सोसायटीच्या बैठकीत खर्चाचा विषय निघाला, वर्गणी अर्धी जमली आहे.