अंकातली चकचकीत पिन

श्रोतेहो, नमस्कार.

कापसाचा चुकारा हाती आला की वडील मला आठवडी बाजारात न्यायचे. येताना पिशवीत गूळ, खोबरं आणि एखाद वेळी इंद्रजाल कॉमिक्सचा अंक असायचा. ही मालिका मार्च 1964 मध्ये सुरू झाली, 1990 मध्ये बंद पडली. चित्रकथांचे नायक वेताळ, मँड्रेक, पुढे बहादूर. एक अंक गावातल्या सगळ्या पोट्ट्यांच्या हातून फिरायचा. म्हणून धड अंक आज सापडत नाहीत, आणि म्हणूनच त्यांना भाव आलाय. भावामागोमाग लबाडी आली.

मागच्या वर्षी मी फोनवरून एक मराठी अंक मागवला, पैसे आधी पाठवले. पाकीट उघडलं, झिजलेल्या कोपऱ्यांचं अस्सल मुखपृष्ठ पाहिलं आणि डोळे भरून आले. मग मधलं पान उघडलं. पिन चकचकीत. इतक्या जुन्या अंकाची पिन गंजते, तिचा तांबूस डाग कागदावर उतरतो. इथं डागच नव्हता. पानं उजेडात धरली. वर्तमानपत्री कागद हवेनं, उजेडानं पिवळा पडतो तो कडांकडून आत. ही पानं मात्र सगळीकडून सारखीच तपकिरी, आणि वास चहाचा! रंगीत झेरॉक्स काढून चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली होती. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

फाटकं पान चिकटवणं, हरवलेल्या पानाची नक्कल लावणं यात काही गैर नाही. ते सांगून विकावं. लपवलं की ती फसवणूक. अमेरिकेत अंक तपासून, गुण देऊन प्लास्टिकच्या पेटीत बंद करणारी कंपनी आहे. डागडुजी केलेल्या अंकाला ती जांभळी पट्टी लावते. पण 2023 च्या अखेरीस उघड झालं, की त्या पेट्यांतलेही अंक कुणीतरी बदलले होते. चोऱ्याही होतात. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो 1938 चा, 10 सेंट किमतीचा अंक नट निकोलस केज यांच्या घरून 2000 साली चोरीला गेला, 2011 मध्ये सापडला आणि त्याच वर्षी 21 लाख 60 हजार डॉलरला विकला गेला.

आपल्या खेड्यांत मात्र विकणाराच जास्त फसतो. घरातल्या संदुकीतल्या अंकांचे फोटो टाकले, की कुणी तरी म्हणतो, 'पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका.' मायबाप हो, पैसे यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकली की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. गेलेच, तर त्याच घडीला सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर 1930, त्यावर फोन लावा, उद्यावर ढकलू नका.

तो अंक मी फेकला नाही. आत एक चिठ्ठी ठेवलीय: 'मुखपृष्ठ खरं, आतली पानं नक्कल.' माझ्यामागे नातवानं विकायला काढला, तर घेणाऱ्याला ती आधी दिसेल.