दहा कोयते

(दृश्य: पहाट. कृष्णाकाठचा उसाचा फड. अंधारात फक्त आवाज.)

साडेचार वाजलेत. अजून काही दिसत नाही, ऐकू येतंय तेवढंच. खच्, खच्. मग पाल्याची सळसळ, आणि मधेच कुणाचं तरी खोकणं.

वाळवा तालुक्यातल्या या फडात दहा कोयते उतरलेत. कोयता म्हणजे हत्यार, आणि कोयता म्हणजे माणसंही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी आला तर अर्धा. म्हणजे ही टोळी वीस माणसांची.

ऊसतोड म्हटलं की बीडचं नाव निघतं, आणि त्यात चूक काहीच नाही. ही माणसं मात्र जत तालुक्याच्या पूर्व भागातली आहेत. जिल्हा सांगलीच. इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर. इथं उसाला पाट वाहतो, तिकडं जानेवारीतच टँकरच्या गोष्टी सुरू होतात. निम्मे कोयते घरात कानडी बोलतात, निम्मे मराठी. मुकादमाला, म्हणजे टोळी घेऊन येणाऱ्या म्होरक्याला, सगळे 'अण्णा' म्हणतात. हा शब्द दोन्ही भाषांत चालतो.

(दृश्य: कोप्या, म्हणजे टोळीच्या झोपड्या. चुलीचा धूर. कोपीच्या दाराशी बांधलेलं शेरडू.)

ब्रूस टकमन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1965 मध्ये गट कसा घडतो त्याच्या चार पायऱ्या मांडल्या. माणसं जमतात, मग भांडतात, मग रीत पडते आणि मग काम चालतं. मॅनेजमेंटच्या वर्गात हे आजही शिकवतात. फडात ते कुणी शिकवत नाही. पण पहिल्या दोन पायऱ्या आम्ही इथं आठवडाभरात पाहिल्या.

टोळी जमते ती उचलीवर. उचल म्हणजे हंगामाआधी हातात पडणारी आगाऊ रक्कम. पावसाळ्यात घरात काही नसतं, तेव्हा ती घेतली जाते. लग्नाला, दवाखान्याला, घरावरच्या पत्र्याला. नंतर ती तोडून फेडायची. म्हणजे टोळीचा पहिला धागा विश्वासाचा नाही, कर्जाचा आहे. हे आधीच बोललेलं बरं. मुकादमाला धास्ती असते, उचल घेऊन कोयता दुसरीकडं गेला तर काय. कोयत्याला धास्ती असते, हिशेबात काय लिहितोय कुणास ठाऊक. दोघांनाही तसे अनुभव आलेले असतात.

भांडण लागलं ते चौथ्या दिवशी, पडक्या उसावरून.

उभा ऊस तोडायला सोपा. वाऱ्या-पावसात आडवा झालेला ऊस एकमेकांत गुंततो. आधी तो सोडवायचा, मग बूड शोधायचं, मग तोडायचा. तेवढ्याच सरीला दुप्पट वेळ जातो. त्यात शेतकरी डोक्यावर उभा असतो, "बुडापासून तोडा, बुडापासून!" त्याचंही खरंच आहे. साखर बुडख्यात जास्त, वजनही तिथंच, आणि खाली तोडलं तरच खोडवा (त्याच बुडातून येणारं पुढचं पीक) नीट फुटतो. तर अशा दोन पडक्या सऱ्या एकाच कोयत्याच्या वाट्याला लागोपाठ दोन दिवस आल्या. त्या बाईने कोयता जमिनीत रोवला आणि बांधावर जाऊन बसली. नवरा काहीच बोलला नाही. तिकडं दुसऱ्या कोयत्यांच्या बाया कानडीत काहीतरी बोलल्या, ते हिला टोमण्यासारखं लागलं.

अण्णा आले. आम्हाला वाटलं, आता समजूत घालतील. त्यांनी तिचा कोयता उपटला आणि ती पडकी सरी स्वतः तोडायला घेतली. अर्धा तास. दुसऱ्या दिवसापासून सऱ्या पाळीने फिरायला लागल्या. आज ज्याच्याकडं पडकी, उद्या त्याच्याकडं उभी. कागदावर कुणी काही लिहिलं नाही.

(दृश्य: रात्र. ट्रॅक्टरच्या दिव्यात भरणी.)

आता ही भरणी नीट बघा. टोळी काय असते ते इथं दिसतं.

तोडलेला ऊस जास्त वेळ ठेवून चालत नाही. वजन घटतं, साखर उतरते. म्हणून ट्रॉली येईल तेव्हा भरायची, मग रात्रीचे अकरा का वाजेनात. वाढ्याने, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्याने, बांधलेली मोळी बाईने उचलून द्यायची, गड्याने डोक्यावर घ्यायची आणि ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. फळी वीतभर रुंद, दवाने ओली. मोळी डोक्यावर असली की पायाखालचं दिसत नाही. खालची बाई फळीवर आपला पाय रोवून उभी राहते, फळी हलू नये म्हणून. वर जाणारा तिच्याकडं बघत नाही. बघायला मानच वळत नसते.

आणि वर थर लावायला उभे आहेत अण्णा. थर वाकडा लागला तर ट्रॉली रस्त्यात कलते. मागून मोटारसायकलवर कुणी येत असेल तर त्याच्या जिवावर बेतते. बरेच मुकादम भरणीच्या वेळी बाजूला फोनवर असतात. हे वर असतात. यामागं काही धोरण आहे का, असं आम्ही विचारलं. ते म्हणाले, "थर माझ्या हातचा बरा बसतो." एवढंच.

पण आमच्या मते टोळी बांधली ती थराने नाही आणि पाळीनेही नाही. बांधली ती पावतीने.

(दृश्य: चुलीजवळ अण्णा. मांडीवर लाल वही.)

कारखान्याच्या काट्यावर वजन झालं की पावती मिळते. बहुतेक ठिकाणी ती मुकादमाच्या खिशात जाते आणि हंगाम संपल्यावर थेट आकडा ऐकायला मिळतो. इथं रोज संध्याकाळी पावती मोठ्याने वाचली जाते. आधी मराठीत, मग कानडीत. आज दोन ट्रॉल्या मिळून 20 टन. जानेवारी 2024 मध्ये ठरलेल्या करारात तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 झाला. म्हणजे 7320 रुपये. दहा कोयत्यांत सारखे वाटले तर कोयत्याला 732. कोयता म्हणजे दोन माणसं, हे ध्यानात ठेवा. पहाटे साडेचार ते रात्री अकरा, हेही. मुकादमाला कारखाना मजुरीवर 20 टक्के कमिशन वेगळं देतो. अण्णा तेही वाचून दाखवतात.

एक कोयता आठ दिवस तापाने कोपीत पडला होता. त्याचा वाटा वहीत चालूच राहिला. ठरवलं कुणी? अण्णांनी नाही. सगळ्यात वयस्कर अक्का आहेत, त्यांनी. पहाटे उठवणं, पोरांना शेकोटीजवळ कुणी सांभाळायचं, चहाला कधी थांबायचं, हे सगळं त्यांच्या शब्दावर चालतं. उचलीच्या कागदावर मात्र नाव त्यांच्या नवऱ्याचं. निम्मं काम बाईचं असून हिशेब गड्याच्या हातात, ही रीत या टोळीतही मोडलेली नाही.

(दृश्य: मार्च. ट्रॉलीवर झेंडे, गुलाल, उसाची कमान.)

पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. शेवटची ट्रॉली सजवून, वाजतगाजत गेली. टकमनने 1977 मध्ये मेरी अॅन जेन्सन यांच्यासोबत पाचवी पायरी जोडली होती, पांगण्याची. उद्या टेम्पो येईल. भांडी पोत्यात भरून झालीत, शेरडू आधीच चढवून ठेवलंय.

आज वही शेवटची वाचली जातेय. कुणाची उचल फिटली, कुणाच्या नावावर बाकी राहिली. बाकी राहिलेला मान खाली घालून ऐकतोय. मधेच मागून एक सून बोलते. तीच, जिने कोयता रोवला होता.

"अण्णा, संक्रांतीच्या दिवशीची एक खेप आली न्हाई ह्यात."

अण्णा मागं पानं उलटतात. दोन पानं एकमेकांना चिकटलेली असतात. बोटाला थुंकी लावून ती सोडवतात. आत पावती. ती चुलीच्या उजेडात धरतात, वाचतात, मग कानडीत वाचतात, आणि दहाही कोयत्यांची बेरीज पुन्हा पहिल्यापासून करायला घेतात. चहा परत चुलीवर चढतो.